चिनीत मोजताना वाक्य अडखळतं? मापशब्दाची चूक शोधायची कशी

पुण्यात संध्याकाळच्या वर्गांना मी बरीच वर्षं चिनी शिकवते आहे. दर तुकडीत नवी मुलं येतात, पण वह्या तपासताना माझं लाल पेन थांबतं ती जागा बदलत नाही. आकडा संपतो, नाम सुरू होतं आणि त्या दोघांच्या मधलं घर रिकामं असतं. चिनीत त्या घरात बसणाऱ्या शब्दाला 'लिआंगत्स' म्हणतात. मी त्याला मापशब्द म्हणते. ही चूक इतक्या वेळा दुरुस्त केली आहे की ती शोधायचा एक क्रम आता हाताला बसला आहे. तोच इथे देते.

आधी उच्चारांबद्दल दोन शब्द. इथे चिनी शब्द कानाला ऐकू येतात तसे देवनागरीत लिहिले आहेत. रोमन लिपीत जिथे 'बी' दिसतो तिथे चिनी तोंडातून आपला 'प' निघतो, 'डी' दिसतो तिथे 'त', 'जी' दिसतो तिथे 'क'. म्हणून पुस्तकात पाहिलेला शब्द इथे थोडा वेगळा वाटेल. चिनी उच्चाराच्या चार सुरांपैकी, म्हणजे आवाजाच्या चढउतारांपैकी, कुठला, हे फक्त गरज असेल तिथेच सांगितलं आहे.

लक्षणं

तुमच्या बोलण्यात किंवा लिहिण्यात यातलं काही वारंवार होतं का ते पाहा.

– "तीन पुस्तकं" म्हणताना तोंडातून 'सान शू' निघतं. समोरच्याला कळतं, पण तो क्षणभर थांबतो आणि सहज बोलल्यासारखं 'सान पन् शू' असं स्वतः म्हणतो. तुम्हाला सुधारलं गेलं आहे.
– "दोन माणसं" म्हणायला 'अर रन' म्हणता.
– तुम्हाला "तीन महिने" म्हणायचं असतं, समोरचा मार्च महिना समजतो.
– पुस्तक, मासा, खुर्ची, गाडी, सगळ्यांना एकच 'क', म्हणजे सर्वसाधारण मापशब्द, लावता.
– "पाच विद्यार्थी" म्हणताना शेवटी अनेकवचनाचा 'मन' जोडता.
– उलट "तीन दिवस" म्हणताना नको तिथे 'क' घुसवता.
– परीक्षेत शब्द जुळवून वाक्य करायचा प्रश्न आला की आकडा एका टोकाला आणि मापशब्द दुसऱ्या टोकाला जातो.

यातली पहिली पाच लक्षणं एकाच मुळातून येतात. मराठीत आकडा नामाला थेट चिकटतो: तीन पुस्तकं, दोन कुत्री, पाच खुर्च्या. अनेकवचन झालं की काम संपलं. चहाच्या टपरीवर आपण "दोन चहा द्या" म्हणतो, कपाचं नावही काढत नाही. चिनीत चहाला 'छा' म्हणतात आणि आपला चहा तिथूनच आलेला आहे, पण तिथे 'लिआंग छा' म्हणून चालत नाही. 'लिआंग पेइ छा', दोन पेले चहा, असंच म्हणावं लागतं.

म्हणजे मापशब्द मराठी माणसाला परके आहेत असं मुळीच नाही. कोथिंबिरीची जुडी, केळ्यांची फणी, कडब्याची पेंढी, लाकडांची मोळी, भाकऱ्यांची चवड, फटाक्यांची लड: आपल्याकडे यांची रेलचेल आहे. फरक इतकाच की आपण ते गठ्ठा किंवा तुकडा मोजताना वापरतो, सुट्या वस्तूला लावत नाही. चिनी भाषा सुट्या वस्तूलाही लावते. नाम तिथे कोथिंबिरीसारखं असतं, जुडी म्हटल्याशिवाय मोजता येत नाही. हे एकदा मनात बसलं की पुढचं सोपं जातं.

पहिली तपासणी: मधलं घर भरलं आहे का?

ही फुकटची आणि दोन सेकंदांची तपासणी. वाक्यातला प्रत्येक आकडा शोधा आणि त्याच्या लगेच पुढचा शब्द पाहा. तिथे थेट नाम असेल तर चूक तिथेच आहे. योग्य मापशब्द आठवत नसेल तर 'क' घाला. 'सान क शू' कानाला थोडं ओबडधोबड लागेल, पण वाक्याचा सांगाडा उभा राहील. रिकामं घर मात्र सांगाडाच मोडतं. चुकीचा मापशब्द आणि मापशब्दच नसणं यांतली दुसरी चूक नेहमीच मोठी.

यात एक जागा फसवी आहे. चिनी म्हणींत आणि जोडशब्दांत आकडा नामाला थेट चिकटलेला दिसतो. 'छिएन शान वान श्वेइ', म्हणजे हजार डोंगर नि दहा हजार नद्या, यात मापशब्द कुठेच नाही. ती जुन्या चिनीची ठेवण आहे. त्या काळी आकडा असा थेट लागायचा. म्हण तशीच वापरा, पण तिच्यावरून आजचं वाक्य बेतू नका.

दुसरी तपासणी: हा, तो, कुठला, प्रत्येक, किती

आकडा नसला तरी घर असतं, हे विद्यार्थी पहिल्या महिन्यात विसरतात. "हे पुस्तक" म्हणजे 'च पन् शू', "ते पुस्तक" म्हणजे 'ना पन् शू'. "कुठलं पुस्तक" यातही 'पन्' हवा, "प्रत्येक पुस्तक" यातही हवा. घरगुती बोलण्यात चिनी माणूस कधी 'च शू' म्हणून जातो, ते कानावर पडलं तर गोंधळू नका. तुम्ही मात्र सवय पूर्ण रूपाचीच लावा.

"किती" साठी दोन शब्द आहेत. 'ची' हा साधारण दहाच्या आतल्या उत्तरासाठी आणि त्याला मापशब्द लागतोच: 'ची क रन', किती माणसं. 'त्वोशाव' हा मोठ्या किंवा अंदाज नसलेल्या संख्येसाठी आणि त्याला मापशब्द नसला तरी चालतो. चूक होते ती 'ची'च्या पुढे.

तिसरी तपासणी: दोन

दोनला चिनीत दोन शब्द आहेत. मोजणी म्हणून, क्रम म्हणून आणि मोठ्या आकड्याच्या शेपटीला 'अर': बारा, वीस, दुसरा. मापशब्दाच्या आधी एकटा दोन आला की 'लिआंग'. म्हणून 'लिआंग क रन', 'लिआंग पन् शू', पण बारा पुस्तकं म्हणताना 'शर्-अर पन् शू'.

एकदा एका विद्यार्थ्याने मला "दोन गाड्या" म्हणून दाखवायला सांगितलं होतं. मी म्हटलं, 'लिआंग लिआंग छ'. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही एकच शब्द दोनदा म्हणालात." तसं वाटतं खरं. पहिला 'लिआंग' म्हणजे दोन, तो तिसऱ्या सुरात, आवाज खाली दाबून. दुसरा 'लिआंग' म्हणजे वाहनांचा मापशब्द, तो चौथ्या सुरात, वरून खाली झटक्यात. लिहिताना फरक डोळ्यांना दिसतो: दुसऱ्या अक्षरात डाव्या बाजूला गाडीचं चिन्ह आहे आणि उजव्या बाजूला तोच दोनचा 'लिआंग', उच्चार दाखवायला. एक हात खाली दाबत आणि मग खाली झटकत हे दहा वेळा म्हणा. हा जोड जमला की सुरांची अर्धी भीती जाते.

अपवाद एकच लक्षात ठेवा. वजनाचं 'लिआंग' नावाचं मापही आहे, मुख्य चीनमध्ये पन्नास ग्रॅमचं. तिथे दोनला 'अर लिआंग' म्हणतात.

चौथी तपासणी: एकचा सूर

ही तपासणी बोलण्यापुरती. 'ई' म्हणजे एक, सुटा असताना सपाट. पण पुढे चौथ्या सुराचा मापशब्द आला की तो चढतो: 'ई क', 'ई चिएन', 'ई लिआंग'. पुढे इतर कुठलाही सूर आला की तो उतरतो: 'ई पन्', 'ई चांग', 'ई थिआव'. नियम पाठ करून बोलताना आठवत नाही. मापशब्द 'ई'सकट पाठ केला की सूर आपोआप बरोबर येतो.

पाचवी तपासणी: नको तिथे घातला आहे का?

पहिल्या तपासणीची सवय लागली की विद्यार्थी उलट्या बाजूला झुकतात. दिवस, वर्ष आणि वयाचं वर्ष हे शब्द स्वतःच मापशब्दाचं काम करतात. 'सान थिएन' तीन दिवस, 'सान निएन' तीन वर्षं, 'सानशर् स्वेइ' तीस वर्षांचा. मध्ये 'क' नाही.

महिना आणि आठवडा मात्र या घरातले नाहीत. 'सान क य्वे' म्हणजे तीन महिने, 'सान य्वे' म्हणजे मार्च. एक मुलगी दूरध्वनीवरच्या मुलाखतीत, मी तीन महिने चिनी शिकले, असं सांगायला गेली आणि 'क' गाळला. समोरून लगेच प्रश्न आला, "मार्चमध्ये? कुठल्या वर्षी?" तिला प्रश्नच कळेना. नंतर वर्गात आम्ही ते वाक्य फळ्यावर लिहिलं तेव्हा उलगडा झाला. इथे मापशब्द गाळल्याने व्याकरण तर चुकतंच, पण अर्थही बदलतो, म्हणून ही तपासणी वगळू नका.

याच फेरीत 'मन' शोधा. 'श्वेशंग मन' म्हणजे विद्यार्थी मंडळी. पण आकडा आला की 'मन' जातो: 'ऊ क श्वेशंग', पाच विद्यार्थी, बस. आपल्याला अनेकवचनाची ओढ आहे म्हणून हात आपोआप 'मन' लिहितो. आकड्याने अनेक आहेत हे सांगून झालेलं असतं.

सहावी तपासणी: विशेषण आणि अर्धा

मराठीत "एक जाड पुस्तक" म्हणताना विशेषण आकड्यानंतर लगेच येतं. त्याच चालीवर विद्यार्थी विशेषण आकडा आणि मापशब्द यांच्या मध्ये घालतात. आकडा आणि मापशब्द एका श्वासात म्हणायचे, विशेषण त्यांच्या पुढे: 'ई पन् हन होउ त शू', एक खूप जाड पुस्तक. मी मुलांना आकडा आणि मापशब्द एकत्र गोल करायला लावते. शब्द जुळवायच्या प्रश्नात तो गोल एकच शब्द समजून हलवायचा. सवलत फक्त मोठा आणि लहान यांना, तीही भांडं किंवा तुकडा असेल तेव्हा: 'ई ता वान फान', एक मोठा वाडगा भात.

अर्ध्यासाठी आपल्या दीड-अडीचचा उपयोग होतो. चिनीत अर्ध्याला 'पान' म्हणतात. एकाहून कमी असेल तर 'पान' मापशब्दाच्या आधी: 'पान क य्वे', पंधरवडा. पूर्ण आकडा आणि वर अर्धा असेल तर 'पान' मापशब्दाच्या नंतर: 'ई क पान य्वे', दीड महिना. 'लिआंग निएन पान', अडीच वर्षं. मनात "अर्धा" आला की आधी, "दीड, अडीच, साडे" आले की नंतर. इतक्यावर माझ्या विद्यार्थ्यांचं भागतं.

सातवी तपासणी: 'क' सोडून योग्य शब्द

इथपर्यंतचं सगळं एका आठवड्यात सुधारतं. इथून पुढे वेळ लागतो, आणि खरं सांगायचं तर मला शिकवायला आवडतो तो हाच भाग. 'क' लावून पोट भरतं, पण बोलणं कायम परदेशी माणसाचं राहतं. मापशब्दांत चिनी डोळ्यांना वस्तू कशी दिसते ते साठलेलं आहे.

वर्गातली टेबल-खुर्ची घ्या. टेबलाला 'चांग' लावतात, खुर्चीला 'पा'. दोन्ही लाकडी, दोन्ही चार पायांची, मग वेगळा शब्द का? 'चांग'च्या अक्षरात धनुष्य आहे. मूळ अर्थ धनुष्याची दोरी ताणणं. ताणलेलं, पसरलेलं, सपाट असं जे काही, ते सगळं 'चांग': कागद, तिकीट, फोटो, पलंग, टेबल. 'पा'च्या अक्षरात हात आहे, अर्थ पकडणं. ज्याला मूठ आहे ते 'पा': सुरी, छत्री, किल्ली, कात्री. खुर्ची आपण पाठीला धरून ओढतो, म्हणून तीही 'पा'. आणि 'ई पा मी' म्हणजे मूठभर तांदूळ. घरी गेलात की पोळपाटाकडे पाहा. लाटलेली पोळी सपाट आणि पसरलेली, तिला 'चांग'. चिनी पोळीला, म्हणजे 'पिंग'ला, हाच मापशब्द लागतो.

लांबट आणि वळणाऱ्या वस्तूंना 'थिआव'. मूळ अर्थ झाडाची बारीक फांदी. मासा, साप, नदी, रस्ता, पंचा, विजार. कुत्र्यालाही 'थिआव' चालतो आणि 'चर्'ही चालतो. शर्टाला मात्र 'चिएन', म्हणून शर्ट-विजार एकत्र मोजताना घोटाळा होतो. बातमीलाही 'थिआव' लागतो, ते तसंच लक्षात ठेवा.

प्राण्यांसाठीचा 'चर्' जुन्या लिपीत पाहाल तर कधी विसरणार नाही. वर आखूड शेपटीचा पक्षी आणि खाली हात: हातात एक पक्षी. जोडीसाठीच्या 'श्वांग'मध्ये वर दोन पक्षी आणि खाली तोच हात. म्हणून मांजर 'ई चर्', आणि जोडीतली एक वस्तूही 'ई चर्': एक हात, एक डोळा, एक चप्पल. चपलांचा जोड 'ई श्वांग'. आजच्या सोप्या लिपीत पक्षी उडून गेले आहेत आणि 'श्वांग'मध्ये दोन हात शेजारी उरले आहेत.

स्वयंपाकघरात तर मराठी आणि चिनी एकमेकींच्या शेजारणी वाटाव्यात. लसणीच्या एका तुकड्याला आपण पाकळी म्हणतो. चिनीतही त्याला 'पान' म्हणतात, आणि या 'पान'चा अर्थ फुलाची पाकळीच. अख्ख्या गड्ड्याला 'थोउ' म्हणजे डोकं. गाय, डुक्कर यांनाही तोच 'थोउ'. द्राक्षांच्या घडाला 'छ्वान', ओवलेली माळ. पाण्याचा थेंब 'ती', दाणा 'ली'. हे शब्द मुलांना शिकवावे लागत नाहीत, आईला विचारून या म्हटलं की पुरतं.

माणसांचं थोडं सावकाश. साधं माणूस मोजायला 'क'. घरात किती माणसं आहेत हे विचारताना 'खोउ', म्हणजे तोंड. आपण "घरात खाणारी पाच तोंडं" म्हणतो त्याच विचारातला हा शब्द, पण चिनीत तो अगदी साधा, रोजचा आहे. आदराने 'वेइ'. उपाहारगृहात शिरताच 'ची वेइ?' असं विचारतात. सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. त्यांच्यावर निबंध लिहिताना 'ई वेइ ईशंग' लिहावं, 'ई क' वाचताना खटकतं. स्वतःला मात्र 'वेइ' लावू नये. "मी जोशीसाहेब बोलतोय" असं आपण म्हणत नाही, तसंच.

आपल्या "पाच जण, तीन जणी" मधला 'जण' हा माणसांचा मापशब्दच म्हणायला हरकत नाही. बंगालीत तोच 'जोन' होऊन नामाच्या आधी येतो, 'तिन जोन लोक'. आपल्याकडे 'जण' नामाची जागाच घेतो, इतकाच फरक.

आता पाठांतराबद्दल. मापशब्दांची यादी करून पाठ करू नका. मराठी शिकणाऱ्या परदेशी माणसाला आपण काय सांगतो? "आंबा" पाठ करू नकोस, "तो आंबा" पाठ कर. "ती चिंच", "ते केळं". लिंग नामासकट डोक्यात जातं, मागून चिकटवता येत नाही. मापशब्दाचं तसंच आहे. वहीत 'शू' लिहू नका, 'ई पन् शू' लिहा. मासा म्हणून नुसता 'यू' नाही, 'ई थिआव यू'. जुनी वही असेल तर एका रविवारी बसून प्रत्येक नामापुढे मापशब्द घाला. सगळ्यांत कंटाळवाणं काम हेच आणि सगळ्यांत टिकाऊही हेच.

आठवी तपासणी: क्रिया मोजताना

वस्तू जमल्या तरी "दोनदा" अडतो. चिनी भाषा क्रियेलाही मापशब्द लावते, तो क्रियापदाच्या नंतर येतो. नुसतं "वेळा" असेल तर 'त्स'. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक आवर्तन असेल तर 'पिएन': पुस्तक दोन 'पिएन' वाचलं म्हणजे दोन पारायणं झाली. जाऊन येण्याची खेप 'थांग'. आणि 'तुन' हा जेवणाचा मापशब्द, पण मार आणि बोलणीही 'तुन'नेच मोजतात. मराठी माणसाला यात नवल वाटायला नको, आपणही मार खातो आणि बोलणीही खातो.

शिक्षक "पुन्हा एक 'पिएन' वाच" म्हणाले तर पहिल्या ओळीपासून वाचायचं असतं. विद्यार्थी अडलेल्या ओळीपासून सुरू करतात, कारण त्यांनी ते 'त्स' म्हणून ऐकलेलं असतं.

इथे थांबा, जाणकाराला विचारा

वरच्या आठ तपासण्या करूनही काही जागी तुमचा किंवा माझा अंदाज पुरत नाही.

नव्या किंवा आपल्याकडच्या वस्तू. साडीला काय लावायचं? कपडा म्हणून 'चिएन' आणि लांब कापड म्हणून 'थिआव', दोन्ही ऐकायला मिळतात. अशा वेळी नियमावरून शब्द ओढून आणू नका, चिनी मातृभाषेच्या माणसाला विचारा. आणि तो कुठला आहे हेही विचारा, कारण तैवानमध्ये किंवा कँटनी बोलणाऱ्यांत गाडीसाठी वेगळाच मापशब्द ऐकू येतो. तो चुकीचा नसतो, तिथला असतो.

परीक्षेचा निबंध. वरच्या पातळीच्या परीक्षेला बसत असाल तर एकदा तरी मातृभाषिक शिक्षकाकडून लेखन तपासून घ्या. दोन्ही शब्द बरोबर असताना कुठला जास्त शोभतो, हे यादीत सापडत नाही.

व्यवहाराचे कागद. माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील चीनमधल्या ईवूच्या घाऊक बाजारातून खेळणी मागवतात. त्यांनी दोनशे 'चिएन' लिहून पाठवलं, मनात दोनशे नग. घाऊक व्यवहारात 'चिएन' म्हणजे बांधलेलं अख्खं खोकंही होतं, आणि विकणाऱ्याने तोच अर्थ घेतला. आगाऊ रकमेचा कागद आला तेव्हा आकडा पाहून ते मुलीला घेऊन माझ्याकडे आले. पैसे गेले नव्हते म्हणून निभावलं. त्या दिवसापासून मी सांगते: मागणीत 'ई शिआंग त्वोशाव क', म्हणजे एका खोक्यात किती नग, हे वेगळं विचारून लेखी घ्या. वजन असेल तर 'चिन' म्हणजे पाचशे ग्रॅम, किलो नव्हे, आणि हाँगकाँग-तैवानमध्ये तो सहाशेच्या आसपास असतो. करारावर सही व्हायची असेल तर व्यावसायिक अनुवादकाकडूनच वाचून घ्या. वर्गात शिकलेलं चिनी त्या कामाला पुरत नाही, माझ्याकडे दोन वर्षं शिकला असाल तरीही.

आणि औषधं. वैद्यकीय शिक्षणासाठी चीनला गेलेली आपली मुलं आजारी पडली की पाकिटाचा फोटो पाठवून मला अर्थ विचारतात. 'ई त्स लिआंग फिएन, ई थिएन सान त्स': एका वेळी दोन गोळ्या, दिवसातून तीन वेळा. वाचायला सोपं वाटतं, पण तापात आणि घाईत 'त्स' आणि 'फिएन' यांची अदलाबदल झाली की दोनाच्या जागी तीन गोळ्या पोटात जातात. मी अर्थ सांगते, पण त्यावर गोळी घेऊ देत नाही. पाकीट घेऊन औषधाच्या दुकानात जा, गोळ्यांचा आकडा आणि वेळा कागदावर वेगवेगळ्या लिहून मागा, तो कागद त्यांनाच वाचून दाखवा आणि त्यांनी हो म्हटल्यावरच गोळी घ्या.